बापाची पट्टी

घुम्या माझा सख्खा धाकटा भाऊ. हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक त्याच्या हाताचं कौतुक करायला लागले की मला विसरतात. फाउंड्रीत लाकडाचे पॅटर्न करणारे मी चाळीस वर्षांत पुष्कळ बघितले. त्याचा हात धरणारा एकही नाही. आणि त्याला कडेवर घेऊन कोण फिरलं? मी. पॅटर्नच्या टेबलाशी कोणी उभं केलं? तेही मीच. मी सातवी पास, तो चौथीतून घरी बसला, म्हणून हे लिहायचं कामही माझ्याच वाट्याला आलंय.

लहानपणापासून तो बोलायचाच नाही. बाबा त्याला घुम्या म्हणायला लागले आणि मग सगळेच. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आता त्याला स्वतःलाही पटकन आठवणार नाही.

आमचं काम काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडाचा करावा लागतो. तो पॅटर्न. पॅटर्न वाळूत दाबायचा, अलगद उचलून घ्यायचा, आणि खाली जी पोकळी राहते तिच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. वाळूचं काम माझं. मी हेड मोल्डर. माझा साचा कधी ढासळला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. लाकडाचं काम घुम्याचं.

आता लोखंड निवताना आकसतं. म्हणून पॅटर्न जरा मोठा ठेवायचा. किती मोठा, त्याचं गणित दर वेळी कोण करणार? म्हणून आमच्याकडे पट्टीच निराळी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचाहून केसभर लांब. शाळेच्या पट्टीशेजारी ठेवली तरच फरक कळतो. आणि लोखंडाची पट्टी वेगळी, पितळेची वेगळी, कारण पितळ जास्त आकसतं. पितळेच्या पट्टीने लोखंडाचा पॅटर्न केला तर भाग मोठा निघणार. एवढं डोक्यात राहू द्या.

बाबाही पॅटर्नच करायचे. मला मारायचे ते हाताने. घुम्याला पट्टीने, आणि तीही आडवी नाही, कडेने. का, तर तो रडायचा नाही. रडत नाही म्हणून आणखी मारायचे. आठ वर्षांचा असताना त्याने उरल्यासुरल्या तुकड्यातून एक पेला कोरला. दाराशी बसून तीन दिवस कोरत होता, जेवायला हाक मारली तरी ऐकू यायची नाही. कड इतकी पातळ की उजेडात धरली तर पलीकडे बोट दिसायचं. बाबांनी पेला हातात घेतला, पट्टी लावली, म्हणाले, "मापात नाही." आणि चुलीत टाकला.

घुम्या चुलीपाशी जाऊन बसला. पेला जळेपर्यंत बघत राहिला. मी म्हटलं, "रड की रे."

तो म्हणाला, "दादा, कड आधी वळली. मग पेटली."

एवढंच. तेव्हाच मी ओळखलं की हा साधा नाही. मी माणूस चटकन ओळखतो.

बाबा गेल्यावर मी त्याला फाउंड्रीत चिकटवला. पॅटर्नची खोली म्हणजे वाळूच्या शेडला लागून एक लांबट खोली, उत्तरेला काचेच्या तीन खिडक्या, भिंतीला छतापर्यंत फळ्या आणि त्यांच्यावर जुने पॅटर्न. तिथे तो तीस वर्षं एकटा बसला. त्याची एक खोड होती. नवीन काम आलं की पहिला तासभर तो हत्याराला हात लावायचा नाही. लाकूड समोर ठेवायचा आणि नुसता बघत बसायचा. मग एकदा पटाशी उचलली की संध्याकाळपर्यंत मान वर नाही. त्या वेळी त्याचा चेहरा बघावा. मी पाहुणे घेऊन जायचो बघायला. दारातून दाखवायचो, "बघा, माझा भाऊ."

मोल्डर लोक चहाच्या वेळी त्याची टर उडवायचे. मीही उडवायचो, घरचाच आहे म्हणून.

"काय रे घुम्या, दिसला का देव लाकडात?"

एकदा, फक्त एकदाच, त्याने उत्तर दिलं. कप खाली ठेवून म्हणाला, "लाकडात नाही. हात चालू असतो, आपण टक्क जागे असतो, आणि मी नसतो. तेवढा वेळ जे असतं ना, तोच. दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही."

"जेवणाच्या सुट्टीत मात्र बरा असतोस!" कोणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळे खदखदून हसलो. मी सर्वांत मोठ्याने.

पण कामात त्याची टर उडवायची कोणाची छाती नव्हती. ओतलेला भाग नंतर लेथवर कातून नीट करतात, म्हणून पॅटर्नवाले कडेला चांगलं दीड सूत जास्त ठेवतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपली चूक त्या दीड सुतात लपवायची. घुम्या ठेवायचा अर्धं सूत. चुकायला जागाच ठेवायचा नाही स्वतःला. लेथवाला म्हणायचा, "याच्या भागाला मी फक्त दाढी करतो."

मग मालकांचे जावई आले कारभार बघायला. आम्ही त्यांना मागे जावईबापू म्हणायचो आणि समोर साहेब. हातात सदानकदा घड्याळ. तिसऱ्या दिवशी ते घुम्याच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी तो तास मोजला. मग माझ्याकडे आले.

"काका, तुमचा भाऊ तासभर लाकडासमोर बसतो. कंपनी पगार कशाचा देते? दर्शनाचा? बाहेर एक जण मशीनवर पॅटर्न कापून देतो. माप दिलं की मोकळं. ही खोली मला गोदामाला हवी आहे."

सगळी शेड ऐकत होती. अशा वेळी माझी जीभ गप्प राहिली असती तर मी मी नसतो.

"साहेब, गोदाम कुठेही करा. त्या पाणीपुरवठ्याच्या जुन्या पंपाचा पंखा आलाय ना, सात पात्यांचा, दोन फुटी? तुमच्या मशीनवाल्याला द्या आणि माझ्या भावाला द्या. शनिवारी पाचला दोघांचे पॅटर्न माझ्या हातात. दोन्ही मीच ओतीन. तुमचा नीट निघाला आणि त्याचा नाही, तर खोली घ्या आणि त्याला वाळू चाळायला लावा. मी स्वतः त्याच्या हातात चाळणी देईन."

जावईबापू हसले. "ठरलं मग. चाळणी तुमच्या हातून."

घरी जेवताना मी घुम्याला हे सांगितलं. छाती अशी फुगली होती माझी. तो आमच्याकडेच राहायचा, लग्न काही केलं नाही त्याने. माझी बायको वाढत होती, ती वाढता वाढता थांबली.

"दादा, माझं टेबल लावलंस तू पैजेला?"

"टेबल काय, तुझ्या हातावर मी माझी मुंडी लावीन!"

"मग मुंडीच लावायची होती."

बायको म्हणाली, "अहो, देवाने तुमच्या तोंडाला दार का नाही बसवलं? भाऊजींना विचारायचं तरी आधी."

"विचारायचं काय त्यात? जिंकणारच आहे तो!"

घुम्याने ताट पुढे सारलं. मग म्हणाला, "पैज लावलीस ना, आता मी तिथे असणार. लोक बघणार, म्हणजे मी असणारच. मी असलो की ते काम होत नाही रे."

मला तेव्हा हे येड्यासारखं वाटलं. तू नसलास तर काम काय तुझं भूत करणार? मी म्हटलं, "गप जेव."

सोमवारी सकाळी मी अख्खी शेड त्याच्या दारात गोळा केली. जावईबापूही आले. आता नुसतं बघत बसला तर शोभा होईल, म्हणून मी एक युक्ती केली होती. घरून बाबांची पट्टी घेऊन गेलो होतो. तीच, कडेने बसायची ती. कापडात गुंडाळून ठेवलेली. सगळ्यांसमोर ती घुम्याच्या हातात दिली आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "ही आमच्या बाबांची पट्टी. आज हिच्यानेच काम होणार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. घुम्याने पट्टी घेतली. त्याचा अंगठा तिच्या कडेवरून एकदा फिरला. लाकडावर पट्टी ठेवून रेघा मारायला लागला. तो तासभर बसलाच नाही त्या दिवशी. मला बरंच वाटलं.

सहा दिवस मी माणसं आणून आणून दाखवली. शनिवारी पाच वाजता त्याने लाल रंग दिलेला पंखा माझ्या टेबलावर ठेवला. सात पाती अशी वळलेली की वाटावं आत्ता फिरायला लागतील. मशीनचा पॅटर्न शेजारी होता, गुळगुळीत, बरा होता. मी घुम्याला म्हटलं, "जा घरी, झोप काढ. पुढचं माझं." तो गेला.

मी पंख्याजवळ उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला पट्टीची गोष्ट सांगत होतो. तेवढ्यात भट्टीवरचा म्हातारा आला. तोंडात दात नाहीत, बाबांच्या बरोबरीचा माणूस. त्याने पट्टी उचलली, उलटी केली, मागच्या तीन खाचांवर नख फिरवलं.

"अरे वाघा, ही तर पितळेची पट्टी. तुझा बाप नळांचे पॅटर्न करायचा तेव्हाची. तीन खाचा म्हणजे पितळ."

"कोणाला बोलू नका," मी म्हटलं. म्हातारा बोळकं उघडून हसला आणि गेला.

मी हिशोब केला. पितळेच्या पट्टीने केलेला पॅटर्न फुटामागे अर्धं सूत मोठा. दोन फुटांना एक सूत. म्हणजे कडेला सगळीकडून अर्धं सूत जास्त. लेथवर नुसत्या दाढीवर भागायचं नाही, घुम्याचं माप चुकलं म्हणून सगळ्यांसमोर हसं होणार. आणि पट्टी कोणी दिली होती? मी. कापडात गुंडाळून. टाळ्या घेऊन.

घुम्याला विचारायला हवं होतं. घर दहा मिनिटांवर. पण विचारायचं म्हणजे पट्टी चुकीची दिली हे कबूल करायचं. चाळीस वर्षं या धंद्यात काढून मला लोखंड आणि पितळ कळत नाही म्हणून? त्याची लोखंडाची पट्टी त्याच्या खणात, खणाला कुलूप. ती लावून बघता आली असती तर पाच सेकंदात कळलं असतं. पण मला कशाला पट्टी लागते! माझ्या डोळ्यात माप आहे असं मी जन्मभर सांगत आलो.

मी त्याच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. पंखा त्याच्या टेबलावर ठेवला. पेन्सिलीने कडेला गोल रेघ मारली, अर्धं सूत आत. कानस घेतली आणि घासायला लागलो.

आता जे सांगतो ते आजवर कोणाला सांगितलं नाही. पहिली पाच मिनिटं माझे कान दाराकडे होते. मग दार विसरलो. खिडकीतून उजेड येत होता, लाल भुसा हातावर पडत होता, आणि मी घासत होतो. किती वेळ गेला माहीत नाही. कोणी बघत नव्हतं. कोणाला सांगायचं नव्हतं. पैज आठवत नव्हती, बाबा नाहीत, जावईबापू नाहीत. लाकूड आणि हात. आयुष्यात इतका शांत मी कधी झालो नव्हतो. शेवटी बघतो तर कड रेघेला अशी भिडलेली की केसाचा फरक नाही. माझे डोळे भरून आले होते, कशाने ते कळेना. मी परत लाल रंगाचा हात मारला, दिवा मालवला आणि शीळ घालत घरी गेलो. घुम्या दारात बसला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

सोमवारी दोन्ही साचे केले, दोन्ही ओतले. मंगळवारी ते निवले. बुधवारी लेथपाशी सगळी शेड जमली. मशीनचा पंखा आधी चढवला. लेथवाल्याने कातला, मापला, मान हलवली. बरोबर.

मग घुम्याचा. लेथ फिरायला लागली. टूल कडेला नेलं. नुसता करकर आवाज, कीस पडेना. लेथवाल्याने मशीन थांबवली, कॅलिपर लावला, परत लावला.

"भाऊ, कातायला मालच नाही. ओतल्याची काळी साल तशीच आहे आणि माप संपलं. आणखी आत गेलो तर पंखा लहान होतो." मग हळूच म्हणाला, "तुझी ती अर्ध्या सुताची दाढी कुठे गेली रे घुम्या?"

अर्धं सूत. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. घुम्याने माप बाबांच्या पट्टीने घेतलंच नव्हतं. पट्टी हातात आल्या क्षणी त्याला कळलं होतं. सोमवारी सगळी पांगल्यावर त्याने आपल्या खणातली काढली असणार. बाबांच्या पट्टीने फक्त रेघा सरळ मारल्या, माझा मान राखायला. पॅटर्न बरोबर होता. मी घासला तो बरोबर पॅटर्न, आणि काढलं ते त्याने लेथसाठी ठेवलेलं अर्धं सूत.

घुम्या पुढे आला. लाकडी पंखा उचलून त्याने कडेवरून बोट फिरवलं, सावकाश, गोल, पूर्ण. बोट जिथून निघालं तिथे येऊन थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

जावईबापूंनी त्याला विचारलं, "तुमच्यानंतर कोणी हात लावला होता का याला?"

मी तोंड उघडलं असतं तर तिथेच संपलं असतं सगळं. मी हेड मोल्डर होतो, माझी नोकरी जात नव्हती. जात होती ती फक्त इज्जत. मी शेडच्या पत्र्याकडे बघत राहिलो.

घुम्या म्हणाला, "माझ्याच टेबलावर झालंय ते."

खोटं नव्हतं. टेबल त्याचंच होतं.

"काका," जावईबापू म्हणाले, "चाळणी."

आणि मी दिली. कोपऱ्यातून उचलली, झटकली आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दुपारी खोली रिकामी केली. तीस वर्षांचे पॅटर्न, पंप, चाकं, झडपा, भट्टी पेटवायला म्हणून बाहेर ढिगाने टाकले. कामावर नजर ठेवायला मी होतो. घुम्या भट्टीजवळ येऊन उभा राहिला आणि बघत राहिला, लहानपणी चुलीसमोर बसला होता तसाच. म्हातारा एकेक आत टाकत होता. घुम्या मधेच म्हणाला, "तो आधी वळेल." आणि तो खरंच आधी वळला. बाबांची पट्टी तेवढी मी मागे ठेवली, का कोण जाणे. रात्री बायकोने घुम्याला आधी वाढलं आणि माझं ताट नुसतं पुढे सरकवलं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याच्या आधी तासभर मी शेडमध्ये गेलो. घुम्या आलेला होता. वाळूच्या ढिगासमोर पालथ्या बादलीवर बसला होता, चाळणी मांडीवर, आणि वाळूकडे बघत होता. लाकडाकडे बघायचा तसाच. तोच चेहरा. मला वाटलं होतं तो मोडेल. मोडलेला माणूस मी समजावला असता, मला येतं ते. याला काय समजावणार?

मी म्हटलं, "घुम्या, कड मी घासली."

"माहीत आहे."

"मला वाटलं, पितळेची पट्टी—"

"तेही माहीत आहे." मग म्हणाला, "दादा, घासली मात्र सुंदर. कुठे खड्डा नाही, उंचवटा नाही. मी अख्खी बोटाने बघितली. तू त्या वेळी कोणाला काही सांगत नव्हतास ना?"

"कोण होतं तिथे सांगायला?"

"मग तू नव्हतासच. हात होता नुसता." त्याने मूठभर वाळू घेतली, बोटांतून सोडली. "निम्मं तुला मिळालं. जागं तेवढं राहायचं राहिलं. जागा असतास तर लाकडानेच सांगितलं असतं, थांब म्हणून."

मी रडलो. उभ्याउभ्या रडलो. त्याने बघितलंही नाही, त्याचं लक्ष वाळूकडे होतं.

भोंगा झाला. माणसं यायला लागली. जावईबापू घड्याळ बघत आले आणि बादलीपाशी थांबले.

"काय काका, इथेही दर्शन चालू?"

आता सांगायचं, असं मी ठरवलं. सगळे आहेत, आत्ताच. मी घसा साफ केला, छाती काढली, तोंड उघडलं. आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "साहेब, बघाच तुम्ही! वाळू चाळावी तर माझ्या भावानेच!"

मागे घुम्या हसला. जन्मात पहिल्यांदा त्याला मोठ्याने हसताना ऐकलं. मग त्याने चाळणी उचलली.